मदत हवी आहे : ‘खिल्लारी’ या शब्दाची व्युत्पत्ती

नमस्कार. माझे आजोळ आटपाडी तालुक्यातले. खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या जत्रेत खिल्लार जनावरांचा बाजार भरतो, तिथे लहानपणी ‘खिल्लारी’ हा शब्द जनावरांसाठी आणि ती पाळणाऱ्या माणसांसाठी, असा दोन्ही प्रकारे कानावर पडत असे. आज ‘खिल्लार’ म्हटले की मागे झुकलेल्या लांब, टोकदार शिंगांची पांढरी बैलजोडीच आठवते. परंतु ‘खिल्लार’ म्हणजे मुळात गुरांचा कळप आणि तो राखणारा, वाढवणारा तो ‘खिल्लारी’. गुराखी गावाची गुरे वळतो, गवळ्याचा व्यवहार दुधाचा. खिल्लाऱ्याचे सारे लक्ष मात्र उत्तम खोंड निपजवण्यावर असते, म्हणून हे तीन शब्द एकाच अर्थाने वापरणे मला योग्य वाटत नाही.

व्युत्पत्तीचा विचार करताना दोन वाटा दिसतात. पहिली संस्कृतातली. ‘खिल’ म्हणजे न नांगरलेली, पडीक जमीन (‘अखिल’मध्ये हाच ‘खिल’ आहे), आणि ऋग्वेदातील ६.२८ या गायींच्याच सूक्तात ‘खिल्य’ हा शब्द येतो, ज्याचा अर्थ काही अभ्यासक गायरान असा करतात. दुसरी वाट कन्नडची आहे व मला तीच अधिक सबळ वाटते. चित्रदुर्ग भागात म्यासबेडा समाजाची देवाला सोडलेली गुरे सांभाळणाऱ्याला ‘किलारी’ म्हणतात. शिवाय खिल्लार जातीचे मूळ म्हैसूरकडच्या हल्लीकार गुरांत असल्याचे पशुतज्ज्ञ मानतात. जनावरांबरोबर त्यांना राखणाऱ्याचे नावही माणदेशात आले असेल, तर त्यात नवल नाही.

जाणकारांना माझे तीन प्रश्न आहेत. कन्नड ‘किलारी’तील ‘क’चा मराठीत ‘ख’ आणि एका ‘ल’चे द्वित्व होणे ध्वनिनियमांना धरून आहे का, की शब्दाचा प्रवास उलट, मराठीतून कन्नडकडे झाला? खानदेशात याच गुरांना ‘थिल्लारी’ म्हणतात. त्याचा धुळे-नंदुरबारकडच्या मेंढपाळ ठेलारी समाजाच्या नावाशी संबंध जोडता येईल का? आणि जुन्या मराठी बखरींत, कागदपत्रांत किंवा ओव्यांत ‘खिल्लारी’ हा शब्द माणसासाठी वापरलेला कोणाच्या वाचनात आला आहे का? असल्यास मूळ ओळ संदर्भासह द्यावी. जत-विजापूर सीमेवरील सदस्यांनी आपल्या घरात हा शब्द कसा उच्चारतात एवढे लिहिले, तरी मला फार उपयोग होईल.