एका वीकेंडला एकच शहर

युरोपात शिकायला आलेल्या बऱ्याच जणांचा पॅरिस आणि अ‍ॅमस्टरडॅम दोन्ही एकाच शनिवार-रविवारी उरकायचा बेत असतो. होईल, पण बघून काय होईल तर दोन स्टेशनं. मी जर्मनीत शिकताना पहिले दोन महिने हेच उद्योग केले.

मग शहाणपण आलं. शुक्रवारी रात्रीची बस, पहाटे पावणेपाचला प्राग. थंडीने दात वाजत होते, एकही कॅफे उघडा नाही, नाइलाजाने चालत चार्ल्स ब्रिजवर गेलो. पुलावर मी, दोन फोटोग्राफर आणि ओळीने उभे असलेले दगडी संत. दहा वाजता परत आलो तर पाय ठेवायला जागा नव्हती! तेव्हापासून रात्रीच्या बसला नावं ठेवणं बंद केलं.

जर्मनीत असाल तर डॉइचलँड-टिकट (देशभर चालणारा महिन्याचा पास) काढाच. २०२३ मध्ये ४९ युरोला सुरू झालं, नंतर वाढलं, तरी परवडतं. फक्त लोकल-रिजनल गाड्यांना चालतं, आयसीईत (लांब पल्ल्याच्या वेगवान गाडीत) चढू नका. साल्झबुर्ग ऑस्ट्रियात असूनही या तिकिटावर तिथपर्यंत जाता येतं. लक्झेंबर्गमध्ये तर २०२० पासून बस, ट्राम, ट्रेन सगळं फुकट (फर्स्ट क्लास सोडून).

पॅरिसला गेलात तर युरोपातलं रेसिडन्स परमिट (राहण्याचा परवाना) दाखवा, सव्विशीच्या आत असाल तर लूव्र म्युझियम फुकट. तसंही ते कार्ड आणि पासपोर्ट, दोन्ही मूळ प्रती, खिशात हवेतच. शेंगेन (आपसातल्या सीमांवर नेहमीची तपासणी नसलेले युरोपीय देश) असलं तरी हल्ली ट्रेनमध्ये पोलीस चढतात, आणि मोबाइलमधला फोटो त्यांना पुरत नाही.