तेव्हा १२ मिमी नॉर्मल, मग आता ६ मिमीला गोल का?

निशिगंध: कपाट आवरताना माझा ४४व्या वर्षीचा सोनोग्राफीचा रिपोर्ट सापडला. एंडोमेट्रियम, म्हणजे गर्भाशयाचं आतलं अस्तर, १२ मिमी, खाली 'नॉर्मल'. आता मी ५५ वर्षांची आहे, पाळी जाऊन तीन वर्षं झाली. ओटीपोटात दुखतं म्हणून गेल्या आठवड्यात पुन्हा सोनोग्राफी केली. यावेळी अस्तर ६ मिमी आलंय आणि डॉक्टरांनी त्या आकड्याला पेनाने गोल करून सोमवारी बोलावलंय. जाडी निम्मी झाली तर चांगलंच ना? तो गोल पाहिल्यापासून झोप नाही.

बकुळ: निशिगंधताई, सत्तावीस वर्षं मी सोनोग्राफीच करतेय. हे दोन आकडे एका मापाने मोजायचेच नाहीत.

पाळी चालू असते तोवर अस्तर दर महिन्याला वाढतं आणि गळून जातं. पाळीच्या दिवसांत ते २ ते ४ मिमी असतं, बीज सुटायच्या सुमारास ११ पर्यंत जातं, आणि पुढची पाळी यायच्या आधी १६ मिमी भरलं तरी वावगं नाही. म्हणून मी टेबलावर झोपवायच्या आधीच विचारते, शेवटची पाळी कधी आली? ती तारीख नसलेला रिपोर्ट मला अर्धवट वाटतो. तुमचे ते १२ मिमी बहुधा पाळीच्या आधल्या दिवसांतले असावेत.

पाळी गेली की इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी होतं आणि अस्तर वाळल्यासारखं पातळ होतं. पडद्यावर नुसती पांढरी रेघ दिसते. पुढचा आणि मागचा थर मिळून जाडी मोजतो, मध्ये पाणी असलं तर ते वगळून.

आता मला एवढंच सांगा, पाळी गेल्यानंतर कधी रक्त किंवा डाग दिसला का? दिसला नसेल तर नुसत्या ६ मिमीवरून सहसा कोणी बायॉप्सी करत नाही. तिथे बरेच डॉक्टर ११ मिमीचा आकडा धरतात, शिवाय वजन, मधुमेह, हार्मोनच्या गोळ्या, टॅमॉक्सिफेन (स्तनाच्या कर्करोगावरचं औषध) हेही पाहतात. पण डाग दिसला असेल तर मर्यादा ४ मिमीची. तेवढं किंवा त्याहून पातळ असेल तर कर्करोगाची शक्यता एक टक्क्याहूनही कमी. जास्त असेल तर अस्तराचा तुकडा तपासायलाच हवा.

निशिगंध: दोनदा दिसला. तपकिरी, नखाएवढा. कोरडेपणामुळे असेल म्हणून सोडून दिला आणि डॉक्टरांना बोललेच नाही. त्यांनी विचारलं ते पोटदुखीचं.

बकुळ: सोमवारपर्यंत थांबू नका, उद्या सकाळीच फोन करा आणि पहिलं वाक्य डागाचंच सांगा. घाबरवत नाही ताई. अशा डागामागे बहुतेकींत कोरडं, नाजूक झालेलं अस्तर किंवा पॉलिप, म्हणजे अस्तरावर वाढलेला छोटा कोंब, असतो. पण कर्करोग असला तर तो लवकर हाती लागतो तो याच डागामुळे. आणि अस्तर पातळ असूनही डाग पुन्हा पुन्हा येत असेल, तरी तपासणी टाळायची नाही.

शेवंती: माझं ७ मिमी होतं, डागही होता. बायॉप्सी दवाखान्यातच झाली, भूल दिली नाही. स्ट्रॉहून बारीक नळी आत घातली, पाळीत येते तशी जोराची कळ मिनिटभर आली आणि मी चालत घरी गेले. रिपोर्ट चांगला आला. तरी डाग थांबेना, म्हणून दुर्बिणीतून पाहिलं तर कोपऱ्यात पॉलिप लोंबत होता. नळीच्या हाती तो लागलाच नव्हता. तेव्हा रिपोर्ट चांगला आला आणि डाग सुरूच राहिला, तर पुन्हा जा.

निशिगंध: फोन केला. डाग म्हणताच उद्या अकराला बोलावलंय. दोन्ही डागांचे दिवस आठवून कागदावर लिहिलेत, तो कागद जुन्या रिपोर्टला टाचून ठेवलाय.