घरातली तिसरी घंटा

चार वर्षांची मुलगी नाट्यगृहात अंधार झाल्याबरोबर रडायला लागली, मध्यंतराआधीच उठावं लागलं, असं एका ताईंनी इथे लिहिलंय. आमच्या धाकट्याचंही ‘अलबत्या गलबत्या’ या बालनाट्यातली चिंची चेटकीण बघून हेच झालं होतं. ताई, नाटकाचा नाद सोडू नका.

आम्ही पुढचे दोन महिने घरीच नाटक खेळलो. दोरीवर जुनी पांढरी चादर, मागे टॉर्च, आणि बुटांच्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून कापलेली चेटकीण खराट्याच्या काडीला चिकटवलेली. डोळ्यांच्या जागी भोकं पाडून लाल जिलेटीन लावलं. बाहुली टॉर्चजवळ नेली की सावली चादरभर होते, चादरीला टेकवली की वीतभर. हे त्याने स्वतः शोधून काढलं आणि त्या दिवसापासून चेटकिणीला मोठं-छोटं करणारा तोच झाला. भीती तिथेच गेली. तिकिटंही त्यानेच रंगवली, आजीकडून दोन रुपये वसूल केले. देवघरातली घंटा तीनदा वाजवायची, तिसरीला दिवे बंद. त्यामुळे अंधार म्हणजे ‘आता सुरू होणार’ हे डोक्यात पक्कं बसलं.

नंतर नाट्यगृहात गेलो तेव्हा कडेची खुर्ची घेतली, स्पीकरपासून लांब. तिसऱ्या घंटेला त्याने माझा हात घट्ट धरला, पण रडला नाही.

कोकणात जाणार असाल तर कुडाळजवळच्या पिंगुळीला जरूर थांबा. तिथल्या ठाकर समाजातल्या कलावंतांच्या चामड्याच्या छायाबाहुल्या आणि कळसूत्री बाहुल्या मुलांना जवळून दाखवा.