हायब्रिड एडीचा डोमेन कंट्रोलर बोटो३ मधून बदलताना अपडेट फेल होतंय

पिंपरीची अ‍ॅडमिन

नमस्कार मंडळी. आमच्या कारखान्याची अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी (एडी, म्हणजे सगळ्यांची लॉगिन खाती सांभाळणारी मायक्रोसॉफ्टची यंत्रणा) पूर्वीपासून आम्हीच सांभाळतो. आता तिला अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडची, म्हणजे एडब्ल्यूएस डिरेक्टरी सर्व्हिसची हायब्रिड डिरेक्टरी जोडली आहे. डोमेन एकच, काही डोमेन कंट्रोलर (लॉगिन तपासणारे सर्व्हर) आमचे, काही एडब्ल्यूएस चालवतं. आमच्या बाजूचे जे दोन कंट्रोलर नोंदवलेत ते ईसीटूवर (एडब्ल्यूएसच्या भाड्याच्या व्हर्च्युअल मशीनवर) आहेत. त्यातला एक विंडोज सर्व्हर २०१६ वर होता. त्याचा एक्सटेंडेड सपोर्ट जानेवारी २०२७ मध्ये संपतोय, म्हणून नवा उभा केला. राहिलेल्याचा आयपी १०.२०.४.९, नव्याचा १०.२०.४.११.

बदल नोंदवायला आधीच्या टीमने बोटो३ (एडब्ल्यूएसची पायथन लायब्ररी) वापरून लिहिलेली पायथन स्क्रिप्ट आहे. ती टॅगवरून इन्स्टन्स (ईसीटूची मशीन) शोधते, आयडींची एक यादी आणि आयपींची एक यादी करते, दोन्ही याद्यांना सॉर्टेड (क्रम लावणारं पायथनचं फंक्शन) लावते आणि अपडेट_हायब्रिड_एडी ला देते. एक्सेप्शन येत नाही. उत्तरात डिरेक्टरी आयडी आणि असेसमेंट (तपासणी) आयडी मिळतात, स्क्रिप्ट "झालं" असं छापून बंद होते. पण सकाळी बघावं तर जुनीच सेटिंग आणि स्टेटस अपडेट फेल्ड.

दोन्ही सर्व्हर ठणठणीत आहेत. एसएसएम एजंट (सर्व्हरवरचा एडब्ल्यूएसचा देखरेख प्रोग्रॅम) ऑनलाइन, डीएनएस उत्तर देतोय, रेप्लिकेशनमध्ये एरर नाही. कन्सोलवरून हाताने करता येईल हे माहीत आहे, पण दुसरा कंट्रोलरही बदलायचाय आणि ऑडिटला प्रत्येक बदल गिटमध्ये दिसावा लागतो. नेमकं कुठे बघू?

डोंबिवलीकर

सॉर्टेड काढा. माझा सगळा संशय तिथेच आहे.

या कॉलमध्ये आयडी आणि आयपी दोन वेगळ्या याद्यांत जातात आणि त्यांची जोडी फक्त क्रमावरून ठरते. पहिला आयडी पहिल्या आयपीचा, दुसरा दुसऱ्याचा. तुमची स्क्रिप्ट दोन्ही याद्या स्वतंत्रपणे लावते. आयपी तिथे स्ट्रिंग आहेत, त्यामुळे अक्षराला अक्षर ताडून बघितलं जातं आणि १०.२०.४.११ हा १०.२०.४.९ च्या आधी येतो, कारण १ हा ९ च्या आधी. आयडी लागतात त्यांच्या हेक्स अक्षरांप्रमाणे, त्यांचा आयपीशी काडीचा संबंध नाही. दोनच सर्व्हर असले की निम्म्या वेळा जोडी योगायोगाने बरोबर बसते, म्हणून अशी स्क्रिप्ट महिनोन् महिने बिनबोभाट चालते आणि एक मशीन बदललं की कोसळते. म्हणजे जो सर्व्हर .९ वर आहे त्याला तुम्ही .११ वाला म्हणून सांगताय.

सॉर्टेड नुसतं काढूनही भागणार नाही. ईसीटूच्या डिस्क्राइब_इन्स्टन्सेसच्या उत्तरात क्रम कायम राहील याची हमी नाही, डॉक्युमेंटेशनमध्ये तसं स्पष्ट लिहिलंय. आयडी एका कॉलमधून आणि आयपी दुसऱ्या कॉलमधून आणत असाल तर पुन्हा तोच घोळ. एकाच इन्स्टन्सच्या नोंदीतून आयडी आणि प्रायव्हेट आयपी एकत्र उचला, टपल (बांधलेली जोडी) करा आणि अगदी शेवटी, कॉलच्या आदल्या ओळीत, झिपने दोन याद्या वेगळ्या करा. क्रम लावायचाच असेल तर टपलना लावा. मी तर त्यापुढे जाऊन हीच जोडी लॉगमध्ये छापतो आणि माणसाने ती वाचल्याशिवाय कॉल करू देत नाही. लॉगिन थांबलं तर शिफ्टच्या शिफ्ट गेटवर उभी राहते, तिथे दहा सेकंदांची घाई कशाला?

दुसरं, ते "झालं" छापणं. हे अपडेट मागे चालतं. कॉल परत आला याचा अर्थ विनंती घेतली गेली, एवढाच. डिस्क्राइब_हायब्रिड_एडी_अपडेट ला डिरेक्टरी आयडी आणि अपडेट टाइप म्हणून सेल्फ मॅनेज्ड इन्स्टन्सेस देऊन विचारत राहा. अपडेटिंग असेल तर थांबा, अपडेटेड आलं तरच शून्य कोडने बाहेर पडा, अपडेट फेल्ड आलं तर स्टेटस रीझन छापून स्क्रिप्ट फेल करा. त्याच नोंदीत जुनी आणि नवी अशा दोन्ही व्हॅल्यू असतात. ऑडिटवाल्यांना ती नोंद जशीच्या तशी दाखवता येते.

आणि हातात आलेला असेसमेंट आयडी टाकून देऊ नका. डिस्क्राइब_एडी_असेसमेंट ला तो दिला की प्रत्येक डोमेन कंट्रोलरच्या आयपीखाली कुठली तपासणी पास झाली, कुठली फेल आणि का, हे मिळतं. आधी तेच काढून इथे सांगा.

वाशीहून

डोंबिवलीकरांशी सहमत. एक भर: ही स्क्रिप्ट लॅम्डावर (सर्व्हर न ठेवता कोड चालवणारी एडब्ल्यूएसची सेवा) नेणार असाल तर बोटो३ सोबत पॅक करून न्या. रनटाइममध्ये आधीपासून असलेली प्रत थोडी मागे असू शकते आणि हायब्रिडचे कॉल २०२५ मध्ये आलेत. जुन्या प्रतीला ही मेथडच माहीत नसते, सरळ अ‍ॅट्रिब्यूट एरर येते. तेव्हा काही जण नावात साम्य म्हणून अपडेट_सेटिंग्ज वापरून बघतात. तो वेगळा कॉल आहे, टीएलएस १.० किंवा आरसी४ या जुन्या एन्क्रिप्शन पद्धती बंद करण्यासारख्या सुरक्षेच्या सेटिंगसाठी. त्याने कंट्रोलर बदलत नाहीत.

पिंपरीची अ‍ॅडमिन

रिपोर्ट काढला. दोन्ही आयपींखाली तपासण्या फेल आहेत. नवा सर्व्हर एकटाच बिघडलेला असता तर .९ तरी पास व्हायला हवा होता, त्यामुळे तुमचं म्हणणं पटलं. टपल करून जोडी छापली, शेजारच्या सहकाऱ्याकडून वाचून घेतली आणि पुन्हा चालवली. स्टेटस अपडेटेड! खूप आभार.

आता एक विचारते. याच कॉलमध्ये हायब्रिड अ‍ॅडमिनिस्ट्रेटर अकाउंटचाही भाग दिसतो. दोन्ही एकदम द्यावे लागतात का?

डोंबिवलीकर

नाही. दोन्हींपैकी किमान एक हवा, बस. अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा भाग ते खातं परत मिळवायला लागतं. त्यात पासवर्ड थेट जात नाही, सीक्रेट्स मॅनेजरमधल्या (पासवर्ड जपून ठेवणारी एडब्ल्यूएसची सेवा) सीक्रेटचा एआरएन, म्हणजे त्याचा पत्ता, जातो. तुम्हाला आत्ता त्याची गरज नाही, तर तो भाग विनंतीत ठेवूच नका. पुढे लागला तर स्वतंत्र स्क्रिप्ट, स्वतंत्र आयएएम रोल (एडब्ल्यूएसमधला परवानग्यांचा संच). कंट्रोलर बदलणाऱ्या रोलला ते सीक्रेट वाचायची परवानगी कशाला असावी?

दुसरा कंट्रोलर बदलाल तेव्हा यादीत दोन्ही जोड्या द्या, फक्त नवी नाही. आणि जुनं मशीन अपडेटेड दिसेपर्यंत बंद करू नका.