जुन्या पद्धतीचं चॉकलेट-पेय ४० जणांना चाखवायचंय (बडोदा)

वाचनवेडी_रावपुरा:
नमस्कार मंडळी. डिसेंबरअखेर आमच्या मराठी मंडळात चॉकलेटच्या इतिहासावर छोटं प्रदर्शन आहे. फलकांवर सध्या असं लिहिलंय: चॉकलेटचा शोध मेक्सिकोतल्या अझ्टेक लोकांनी लावला, कोलंबसाने ते युरोपात नेलं, १८२८ मध्ये हॉलंडच्या व्हॅन हाउटेनने पहिली वडी केली. जाणकारांनी तपासून द्यावं. शेवटी प्रत्येकाला मेक्सिकोतलं जुनं पेय छोट्या कपात द्यायचंय. दुकानातली कोको पावडर आणि दूध चालेल का? फेस कसा आणायचा? आणि चाखायला आणलेल्या डार्क चॉकलेटच्या वड्यांवर पांढरट डाग पडलेत, त्या टाकून द्यायच्या का?

जुनी_पानं:
तिन्ही फलक बदलावे लागतील.

कोकोचं झाड मूळचं ॲमेझॉनच्या वरच्या खोऱ्यातलं. इक्वेडोरमधल्या सांता आना-ला फ्लोरिडा इथल्या भांड्यांत सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचे कोकोचे अंश सापडलेत. म्हणजे अझ्टेकांच्या कितीतरी आधी. ग्वाटेमालात रिओ आझुल इथल्या माया लोकांच्या थडग्यात, इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या सुमाराचं, फिरकीच्या झाकणाचं भांडं मिळालं. त्यावर माया लिपीत 'काकाव', म्हणजे कोको, असं लिहिलंय आणि आतल्या थरात थिओब्रोमिन हा कोकोतला घटक सापडला. या भांड्याचं चित्र फलकावर अवश्य घ्या.

कोलंबसाला १५०२ मध्ये होंडुरासजवळ एका होडीत या बिया दिसल्या, पण त्या कशाच्या हे त्याला कळलं नाही. त्याच्या मुलाने लिहून ठेवलंय की एखादी बी खाली पडली तर होडीतले लोक डोळाच निखळून पडल्यासारखे ती उचलायला वाकत. एवढी किंमत का, तर त्या बिया चलन होत्या. मेक्सिकोतल्या त्लाश्कालाची १५४५ ची दरयादी उपलब्ध आहे: टर्कीची चांगली मादी १०० बियांना, टर्कीचं अंडं ३ बियांना, मोठा टोमॅटो एका बीला. टेबलावर खऱ्या १०० बिया मोजून ठेवा, साधारण १०० ग्रॅम भरतील. मुलांना वेगळं समजावावं लागणार नाही.

आता १८२८. त्या वर्षी पेटंट मिळालं ते दाब देऊन बियांतलं लोणी, म्हणजे कोकोची चरबी, काढण्याच्या पद्धतीला. बीमध्ये निम्म्याहून जास्त स्निग्धांश असतो, तो पिळून २७-२८ टक्क्यांवर आणला आणि उरलेल्या पेंडीची पावडर झाली. वडी आली १८४७ मध्ये, ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीकडून. पिळलेलं लोणी साखर घातलेल्या कोकोत परत मिसळलं की मिश्रण साच्यात ओतता येतं, यावर ती उभी राहिली. त्याआधी हजारो वर्षं चॉकलेट मुख्यतः पिण्याची गोष्ट होती. माझ्या मते प्रदर्शनाचा कणा हाच असावा.

दूध घातलेलं चॉकलेट १८७५ चं, स्वित्झर्लंडच्या डॅनियल पीटरचं. एक फलक मजुरांसाठीही ठेवा, तो गाळू नका. आफ्रिकेजवळच्या साओ टोमे बेटावरच्या कोकोच्या मळ्यांत गुलामांसारखं राबवून घेत असल्याचं उघड झालं, तेव्हा १९०९ मध्ये कॅडबरी, फ्राय आणि राउंट्री या ब्रिटिश कंपन्यांनी तिथला कोको घेणं बंद केलं.

सूप_आणि_पाटा:
पेयाचं मी सांगतो. पावडर नको, तिच्यातलं लोणी आधीच काढलेलं असतं. दूधही नको, ते युरोपात आलं.

आंबवून वाळवलेल्या कोको बिया ७५० ग्रॅम घ्या. केरळ-कर्नाटकातल्या मळेवाल्यांकडून मागवता येतात. आल्या की चार-पाच सुरीने उभ्या चिरून बघा. आत तपकिरी रंग आणि सुरकुत्यांसारख्या भेगा दिसल्या की माल चांगला. गुळगुळीत, राखी किंवा गर्द जांभळा दिसला तर आंबवणं कच्चं राहिलंय. कितीही भाजा, चॉकलेटचा वास येणार नाही, कारण तो ज्यातून तयार होतो ते घटक आंबवतानाच बनतात.

ओव्हनमध्ये १३० अंशांवर २०-२५ मिनिटं भाजा. कढईत मंद आचेवर सतत हलवत तेवढाच वेळ. मोठी आच लागली की साल जळते आणि आत कच्चं राहतं. गार झाल्यावर चोळून सुपाने पाखडा. सालं आणि ओलावा जाऊन ५५० ग्रॅमच्या आसपास गर उरेल. मिक्सरमध्ये अर्धा मिनिट चालवून थांबवत राहा. आधी भुगा, मग गोळा आणि शेवटी लोणी सुटून वाहतं वाटण होतं. भांडं ठणठणीत कोरडं हवं. पाण्याचा एखादा थेंबही गेला तर कोकोचे कण त्याभोवती चिकटून वाटण घट्ट होतं.

पेयाचे दोन जग भरा, प्रत्येकी २ लिटर पाणी आणि २५० ग्रॅम वाटण.

पहिला मेक्सिकोचा: बिनसाखरेचा, सोबत मका, सुक्या लाल मिरचीची चिमूट आणि व्हॅनिला. मिळाल्या तर शेंद्रीच्या बिया कोमट पाण्यात चोळून तो लाल रंगही घाला. मक्याचं कोरडं पीठ वापरू नका, कच्चट लागतं. २५० ग्रॅम वाळका मका, ७५० मिली पाणी आणि अडीच ग्रॅम खायचा चुना स्टीलच्या पातेल्यात ४५ मिनिटं मंद उकळा (ॲल्युमिनियमला चुना खातो). रात्रभर तसाच ठेवा, सकाळी सालं चोळून तीन-चार पाण्यांनी धुवा, बारीक वाटा. त्यातलं १५० ग्रॅम पाण्यात १५ मिनिटं शिजवून घ्या.

दुसरा स्पेनचा: साखर २०० ग्रॅम, दालचिनी, गरम. या दोन्ही गोष्टी स्पॅनिशांनी घातल्या. दोन्ही चाखले की बदल जिभेलाच कळतो.

फेस हाच त्या लोकांना पेयाचा सर्वांत मोलाचा भाग वाटायचा. वाटण आधी ६० अंशांच्या थोड्या पाण्यात कालवा. थंड पाण्यात लोणी दाण्यासारखं गोठतं, उकळत्यात सुटून वर तवंग येतो, आणि तवंग आला की फेस बसतो. मग पहिला जग कोमट करून एका भांड्यातून दुसऱ्यात दोन फूट उंचीवरून दहा-पंधरा वेळा ओता. माया चित्रांत बाई उभी राहून अगदी असंच ओतताना दिसते. दुसऱ्या जगात ताकाची रवी फिरवा, लाकडी घुसळणी स्पॅनिश काळातली. फेस येत नसेल तर वाटण भरड राहिलंय, कपड्याने गाळून पुन्हा ओता.

वाचनवेडी_रावपुरा:
फार उपयोगी. फलक नव्याने लिहायला घेते. मका खंडेराव मार्केटमधून आणेन, तिथे वाळका मिळतो. वड्यांचं कोणी सांगेल का?

कोकोलोणी:
वड्या टाकू नका, आधी डागावर बोट चोळा. तुपकट होऊन डाग नाहीसा झाला तर ते लोणी वर आलंय. बडोद्याच्या उकाड्यात वडी थोडी वितळून पुन्हा गोठली की असं होतं. कोको लोणी सहा प्रकारच्या स्फटिकांत गोठतं, त्यातला पाचवा प्रकार ३४ अंशांच्या जरा खाली वितळतो आणि तोच वडीला चकाकी आणि खटकन तुटणारा कडकपणा देतो. डाग खरखरीत असेल आणि चोळून जात नसेल तर ती साखर. फ्रिजमधून काढलेल्या वडीवर बाहेरची ओल बसली, तिच्यात साखर विरघळली आणि ओल वाळल्यावर वर राहिली. खायला दोन्ही चालतात.

पहिल्या प्रकारच्या वड्या परत घडवता येतात. ४८ अंशांपर्यंत वितळवा, ढवळत २७-२८ वर आणा, मग ३१-३२ ला नेऊन साच्यात ओता. ३४ च्या वर गेलं की चांगले स्फटिकही वितळतात, मग सगळं पहिल्यापासून करायचं. वेष्टनावर हायड्रोजनेटेड वनस्पती तेल लिहिलं असेल तर ते कंपाउंड. त्यात कोको लोण्याऐवजी दुसरी चरबी असते, हे तापमान लागू नाही आणि तुमच्या टेबलावर ते चॉकलेट म्हणून मांडूही नका.

कार्यक्रमापर्यंत हवाबंद डब्यात १६-१८ अंशांवर ठेवा. फ्रिजच लागला तर दोन पिशव्यांत बांधा, आणि बाहेर काढल्यावर डबा खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, दोन तास तरी.