प्रतिसाद: सह्याद्रीच्या दगडाचं वय कार्बनने निघत नाही

वर एकांनी लिहिलंय की घाटातल्या काळ्या दगडाचं वय 'कार्बन डेटिंग'ने काढलं. ते शक्य नाही. कार्बन-१४ चं अर्धायुष्य (म्हणजे निम्मा उरायला लागणारा काळ) ५७३० वर्षं. साधारण ५० हजार वर्षांपलीकडे मोजण्याजोगं काही उरतच नाही. शिवाय लाव्हारसात जिवंत प्राण्या-झाडांचा कार्बन येणार कुठून?

बेसॉल्टसाठी (हाच तो काळा दगड, थिजलेल्या लाव्हाचा) आर्गॉन-आर्गॉन पद्धत वापरतात. पोटॅशियम-४० चं अर्धायुष्य १२५ कोटी वर्षं, त्यातून आर्गॉन-४० तयार होतो आणि स्फटिकात अडकून राहतो. गोम नमुन्यात आहे. आपल्या बेसॉल्टमध्ये पोटॅशियम मुळात कमी, त्यात दगड सडका असला की आर्गॉन निसटतो आणि वय खोटंच कमी दिसतं. म्हणून झिओलाइट (पोकळ्यांत नंतर साचलेलं खनिज) भरलेला सच्छिद्र माथा टाळून लाव्हाच्या थराच्या गाभ्यातला घट्ट दगड घ्यायचा, फोडून त्यातला ताजा प्लॅजिओक्लेज (बेसॉल्टमधलं एक मुख्य खनिज) वेगळा करायचा, सौम्य आम्लाने धुवायचा, मग अणुभट्टीत न्यूट्रॉनचा मारा, म्हणजे पोटॅशियमचाही आर्गॉन (आर्गॉन-३९) होतो आणि दोन आर्गॉनच्या प्रमाणावरून वय निघतं.

दुसरा मार्ग झिरकॉन या खनिजाच्या बारीक कणांचा, आणि माझ्या मते जास्त भरवशाचा. बेसॉल्टमध्ये झिरकॉन क्वचितच बनतो, पण दोन थरांमधल्या लाल मातीच्या पट्ट्यात (घाटरस्त्याच्या कापात विटकरी रेघ दिसते ना, तीच) दुसरीकडून उडून आलेल्या ज्वालामुखी राखेतले कण सापडतात. त्यांचं युरेनियम-शिसे वय (युरेनियमचं किती शिसं झालं त्यावरून) काढलं की वरचा-खालचा थर कात्रीत सापडतो. फक्त जुन्या खडकातून वाहून आलेले कण मिसळले असतील तर वय फुगतं, म्हणून एकेक कण स्वतंत्र मोजावा लागतो.

दोन्ही पद्धतींनी उत्तर ६.६ कोटी वर्षांच्या आसपासच येतं. वाद उरलाय तो कुठला थर डायनोसॉर संपले त्या वेळच्या उल्कापाताच्या आधीचा आणि कुठला नंतरचा, एवढाच.