अवकाशात धूळ नाही, पाऊस नाही. मग सोलर पॅनेल का थकतं?

गच्चीवाला_सांगली: आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर 2021 पासून जुन्या पॅनेलांपुढे नवी पॅनेलं लावली म्हणे. आमच्या गच्चीवर धूळ बसते, कबुतरं घाण करतात. तिथं यातलं काहीच नाही. मग जुन्यांना झालं काय?

निवृत्त_भूकेंद्र: कबुतरं नाहीत, पण प्रोटॉन आहेत, म्हणजे अवकाशातले विद्युतभारित बारीक कण! पॅनेलच्या सिलिकॉनमध्ये अणू ओळीनं बसलेले असतात. वेगानं आलेले कण त्यांना जागेवरून उडवतात. मग उन्हानं मोकळा झालेला इलेक्ट्रॉन तारेपर्यंत पोचायच्या आधीच त्या रिकाम्या जागी अडकतो. ही इजा धुऊन जात नाही. म्हणून सेलवर सिरियम हा धातू मिसळलेली काच चिकटवतात: कमी जोराचे कण अडतात आणि काच काळवंडत नाही.

बरं, झीज रोज सारखी नसते. 14 जुलै 2000 ला सूर्यावर मोठा भडका उडाला आणि आपल्यापासून 15 लाख किलोमीटरवरच्या, सूर्याचा अभ्यास करणाऱ्या सोहो यानाच्या पॅनेलांची सुमारे 2 टक्के ताकद गेली. एरवी तेवढ्याला वर्ष लागतं! माणसाचाही पराक्रम ऐका: 9 जुलै 1962 ला अमेरिकेनं पॅसिफिकवर 400 किलोमीटर उंचीवर अणुबॉम्ब फोडला, आणि त्यातून सुटलेल्या कणांनी ब्रिटनच्या पहिल्याच उपग्रहाची, एरियल-1 ची, पॅनेलं नासली.

स्थानक तसं खाली, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या आडोशाला. पण दीड तासात एक फेरी, म्हणजे दिवसातून सोळा वेळा तापायचं नि गारठायचं. जोड शिणतात. वर बारीक उल्कांचा मारा. पॅनेलांची पहिली जोडी डिसेंबर 2000 ची, आयुष्य धरलं होतं 15 वर्षं. तरी ती काढून टाकलेली नाहीत. नव्यांच्या सावलीबाहेर राहिलेला भाग अजून वीज देतो.

मेक_बीई: सर, मंगळावर तर धूळ आहेच. वायपर का नाही लावत?

निवृत्त_भूकेंद्र: वायपर म्हणजे मोटर, म्हणजे वजन, म्हणजे एखादं उपकरण घरी ठेवून जायचं. मंगळावरच्या इनसाइट यानाला वायपर नव्हता. 2018 मध्ये उतरलं तेव्हा दिवसाला सुमारे 5000 वॉट-तास वीज मिळायची, 2022 च्या मेपर्यंत 500 वर आली. मधे 2021 मध्ये एक भारी युक्ती केली. यांत्रिक हातानं पॅनेलशेजारी वाळू सोडली. वाऱ्यानं जाड कण पॅनेलवरून उड्या मारत गेले आणि बारीक धूळ सोबत नेली. दिवसाला 30 वॉट-तास वाढले!

मेक_बीई: वाळूनं धूळ झाडली? कमाल आहे.

निवृत्त_भूकेंद्र: हो, पण पुरलं नाही, डिसेंबर 2022 ला संपलं. मंगळावरच्याच ऑपॉर्च्युनिटी या फिरत्या यानाला मात्र वारा पावला. पॅनेलं अधूनमधून आपोआप साफ होत गेली, म्हणून 90 दिवसांसाठी पाठवलेलं यान 2004 ते 2018 चाललं. शेवटी धुळीच्या वादळानंच गेलं.